माशी की दुर्बीण?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पेन्सिल्व्हेनियात हरणांचा रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेलाच असतो: रायफल घेतली, आता नेम कशाने धरू? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हे सांगायला आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी वडीलधारं नाही. म्हणून या खेपेचं सदर याच प्रश्नाला दिलं आहे.

आधी शब्दांचं बघू. नळीच्या टोकावर जी उभी खूण असते तिला आपल्याकडचे जुने शिकारी ‘माशी’ म्हणत, आम्हीही तेच म्हणतो. मागच्या पट्टीतली ती ‘खाच’. दोन्ही मिळून उघडी ‘साइट’. खाचेऐवजी गोल भोक असेल तर ती ‘पीप’. ‘दुर्बीण’ म्हणजे रायफलीवर बसणारा स्कोप. गळ्यात अडकवायची ती बायनॉक्युलर. अंतरं यार्डातच दिली आहेत, कारण इथली गोळीबाराची मैदानं यार्डातच आखलेली असतात. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर.

वय ४७. जुनी मार्लिन ३३६ घेतली आहे, काडतूस .३०-३०. पोकोनोच्या दाट झाडीत ८० यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. कारखान्याच्या साइटने नेम धरला की मागची खाच पुसट होते. दुकानदार म्हणतो, एवढ्याशा अंतराला दुर्बीण कशाला? — पेन्सिल्व्हेनिया

दुकानदाराने अंतर बरोबर मोजलं, तुमचं वय विचारलं नाही. उघड्या साइटने नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी एका रेषेत यायला हव्यात: फूटभरावरची खाच, अडीच फुटांवरची माशी आणि ऐंशी यार्डांवरचं हरीण. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहतो. विशीत डोळ्याचं भिंग या तिन्हींमध्ये इतकं झटपट मागेपुढे करतं की ते लक्षातही येत नाही. चाळिशीनंतर ते ताठरतं. मग वर्तमानपत्र लांब धरावं लागतं आणि रायफलीची खाच धुक्यात जाते. खाचेला लांब धरता येत नाही, हाच काय तो फरक.

दुसरा हिशेब माशीच्या जाडीचा. समजा तुमच्या माशीचा मणी ३/३२ इंचाचा आहे आणि तो डोळ्यापासून ३० इंचांवर आहे. मग १०० यार्डांवर तो सव्वाअकरा इंच जागा झाकतो. व्हाइटटेलच्या (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या) फऱ्यामागचा काळीज-फुप्फुसांचा भाग जेमतेम आठ-दहा इंचांचा. म्हणजे जिथे गोळी जायला हवी ती सगळी जागा मण्याखाली गडप होते. ५० यार्डांवर तोच मणी साडेपाच इंच झाकतो, तिथे काम भागतं. १/१६ इंचाचा बारीक मणी बसवला तर १०० यार्डांवर साडेसात इंच झाकले जातात, पण हा बारीक मणी संध्याकाळी लवकर दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट नेमातल्या चुकीची. खाच ते माशी हे अंतर तुमच्या रायफलीवर १६-१७ इंच आहे. मणी खाचेत फक्त इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे जाड कागदाएवढा, बाजूला राहिला तरी १०० यार्डांवर गोळी दोन इंच सरकते. खाच पुसट दिसत असेल तर एवढी चूक प्रत्येक बाराला होणारच.

यातून दोन वाटा निघतात. पहिली पीपची. मागची खाच काढून टाकायची आणि रिसीव्हरवर (नळीमागच्या, काडतूस आत जातं त्या भागावर), डोळ्याजवळ, भोकाची साइट बसवायची. भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. डोळा आपोआप माशी भोकाच्या मधोमध आणतो, म्हणून जुळवायच्या गोष्टी तीनवरून दोनवर येतात. लहान भोकामुळे जवळचं आणि दूरचं दोन्ही अधिक ठसठशीत दिसतं, शिवाय पीप ते माशी अंतर २१-२२ इंचांपर्यंत वाढतं. एनसीसीत भोकाच्या साइटची .२२ चालवलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तिथला बारीक भोकाचा पडदा मात्र जंगलात नको. शिकारीसाठी आतली चकती काढून ३/१६ इंचाच्या आसपासचं मोठं भोक ठेवतात. बारीक भोकातून दिवस मावळताना नुसता काळोख दिसतो.

दुसरी वाट कमी ताकदीच्या दुर्बिणीची: २-७×३२ (ताकद २ ते ७ पट, पुढचं भिंग ३२ मिमी) किंवा १.५-५×२० च्या आसपासची. दुर्बिणीत फुली (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) आणि हरीण एकाच प्रतलात दिसतात, डोळ्याला मागेपुढे करायला काही उरत नाही. ४७व्या वर्षी आमचा कौल हिलाच. तिचं मोठं करून दाखवणं ८० यार्डांना फारसं लागत नाही. खरा लाभ हा एकच ठिकाणी पाहण्याचा आणि अंधुक उजेडाचा आहे. बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हरणाच्या शिकारीला मुभा असते, आणि हरणं नेमकी त्याच काठावरच्या वेळेत हलतात. तेव्हा ओकच्या गळलेल्या पानांवर पितळी मणी शोधून सापडत नाही. दुर्बिणीतून गोळीच्या वाटेत आलेली आडवी फांदीही दिसते, उघड्या साइटने ती दिसत नाही.

मात्र शिंगं मोजायला रायफलीची दुर्बीण वापरू नका. पेन्सिल्व्हेनियाच्या बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन टोकं असलेला नरच मारता येतो, पश्चिमेकडच्या काही विभागांत कपाळाजवळचं टोक न धरता तीन. ही मोजदाद बायनॉक्युलरने करायची. दुर्बिणीतून बघणं म्हणजे भरलेली नळी समोर रोखणं, आणि झुडपाआड माणूसही असू शकतो.

मार्लिनवर दुर्बीण बसवणं सोपं आहे. रिकामं काडतूस बाजूने पडतं, रिसीव्हरचा माथा सपाट आणि भरीव असतो, आणि १९५६नंतरच्या रायफलींना वर भोकं पाडलेली असतात. वीव्हरचा ६३बी हा एकसंध बेस (दुर्बिणीखालची पट्टी) तिच्यासाठीचाच. एक गोष्ट विसरू नका: दुर्बिणीचं मागचं टोक घोड्यावर येतं आणि अंगठ्याला जागा उरत नाही. घोड्याला बाजूने बसणारं छोटं बोंड मिळतं, ते आधी लावा. हातमोजे घालून, बोंड नसताना, भरलेल्या रायफलीचा घोडा हळूच खाली सोडायला गेलात आणि तो निसटला, तर बार उडतो.

शेजाऱ्याकडून १९५०च्या सुमाराची विंचेस्टर ९४ मिळाली. तिच्यावर दुर्बीण बसवून देणारा एक गनस्मिथ सापडला आहे. बसवू का? — न्यूयॉर्क राज्य

नको. ही रायफल रिकामं काडतूस सरळ वर फेकते. दुर्बीण मधोमध बसवली तर काडतूस तिच्या पोटाला आपटून परत आत पडतं, आणि दुसऱ्या बाराला लिव्हर (काडतूस भरायचा खालचा दांडा) अडकते. काडतूस बाजूला फेकणारी ‘अँगल इजेक्ट’ रचना विंचेस्टरने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. तुमची रायफल त्याच्या तीस वर्षं आधीची आहे. डाव्या कडेला बसणारे माउंट मिळतात, पण मग दुर्बीण नळीच्या बाजूला राहते, गालाला टेकू मिळत नाही, आणि एकाच अंतरावर आडवा नेम जुळतो.

शिवाय १९६४पूर्वीच्या ९४ला संग्राहकांकडे चांगली किंमत असते. त्यात नवं भोक पाडलं की ती किंमत तिथेच उतरते. बऱ्याच रायफलींना रिसीव्हरच्या डाव्या बाजूला कारखान्यातच दोन भोकं पाडलेली असतात. तुमच्या रायफलीला असतील तर विल्यम्स किंवा लायमनची पीप तिथेच बसते. पीप बसवल्यावर माशी बहुधा उंच करावी लागते. त्याचा हिशेब पुढे एका उत्तरात दिला आहे.

दुकानात ६-२४×५० दुर्बिणीवर सूट आहे. ३-९×४० पेक्षा ती चांगलीच असणार ना? — ओहायो

कागदावर. ओहायोच्या झाडीत हरीण २५ यार्डांवर उभं राहतं. साधारण ३-९ची दुर्बीण ३ वर ठेवली तर १०० यार्डांवर ३३ फूट रुंद दृश्य दिसतं, २५ यार्डांवर आठ फूट. एवढ्यात अख्खं हरीण मावतं आणि त्याचं तोंड कुठे आहे तेही कळतं. ६-२४ची दुर्बीण सगळ्यात कमी, म्हणजे ६ वर ठेवली तरी २५ यार्डांवर चार फुटांच्या आसपासच दिसतं. भिंगात नुसते तपकिरी केस. हा फरा की मांडी, हे कळेपर्यंत हरीण शेपटी वर करून गेलेलं असतं.

दुर्बीण घेताना एक भागाकार करा: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले ताकद. डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. ४×३२ला ८ मिमी, ३-९×४०ला ६ वर ६.७ मिमी आणि ९ वर ४.४ मिमी. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की ५च्या आसपासच थांबते. म्हणजे ४० मिमीचं भिंग तुमचा डोळा घेऊ शकतो तेवढा उजेड आधीच देतं, फक्त ताकद कमी ठेवायला हवी. संध्याकाळी दृश्य काळवंडलं की माणसं ताकद वाढवतात आणि ते अधिकच काळवंडतं. ९ वरून ५ वर आणा.

५० मिमीच्या भिंगाला उंच रिंग (बेसवर दुर्बीण धरणाऱ्या कड्या) लागतात. दुर्बीण उंच गेली की गाल दस्त्यावरून सुटतो, आणि हनुवटी टेकवून धरलेला नेम प्रत्येक वेळी वेगळा. वजनही जवळपास दुप्पट होतं. पैसे मोठ्या आकड्यांवर घालण्याऐवजी चांगल्या ३-९×४० वर किंवा साध्या ४×३२ वर घाला, आणि त्यातले थोडे रिंगा-बेससाठी राखून ठेवा. आणखी एक सवय: जंगलात चालताना दुर्बीण कायम सगळ्यात कमी ताकदीवर ठेवायची. दूरचं हरीण दिसलं तर वाढवायला वेळ मिळतो. जवळचं दिसलं तर कमी करायला मिळत नाही.

.३०८ची बोल्ट रायफल, नवी दुर्बीण, वीस काडतुसं संपली तरी गोळ्या दर वेळी वेगळीकडे. दुर्बीण खराब आहे का? — टेक्सस

असू शकते, पण आधी स्क्रू तपासा. अशा तक्रारींत दुर्बिणीचा दोष क्वचित निघतो, बेस किंवा रिंग सैल असल्याचंच बहुतेक वेळा निघतं. रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, दुर्बीण उतरवा आणि पहिल्यापासून बसवा.

बेसचे स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटने पुसून तेल काढा. कारखान्यातलं तेल तसंच राहिलं तर स्क्रू धक्क्याने फिरतात. बेसच्या स्क्रूंना थेंबभर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि वीस इंच-पाउंडांच्या आसपास आवळा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना काही लावू नका. ते १५ ते १८ इंच-पाउंड. नक्की आकडा तुमच्या रिंगांसोबतच्या कागदावर असतो, तो प्रमाण माना. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) नसेल तर मागून आणा, अंदाजाने आवळू नका. जास्त आवळलं तर नळकांडं दबून आतली फुली सरकवणारी यंत्रणा अडखळते. मग क्लिक (फुली सरकवणाऱ्या बटणाचा एक खटका) फिरवला तरी गोळी जागची हलत नाही, आणि दोन बारांनंतर एकदम उडी मारते. तुमचं लक्षण असंच वाटतं.

रिंगा पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी जुळवा. दुर्बीण सगळ्यात जास्त ताकदीवर ठेवा, हंगामात घालणार तोच जाड कोट घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळा उघडा. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. डोळा ते भिंग अंतर साधारण साडेतीन-चार इंच असतं. ते कमी पडलं तर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात. मग २५ यार्डांवर दोरीला ओळंबा लटकवा, रायफल सपाट ठेवा आणि फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवा. फुली तिरकी राहिली तर वर-खाली फिरवताना गोळी बाजूलाही सरकते. वरचे स्क्रू कर्ण साधून, थोडेथोडे, आळीपाळीने आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

आता नेम बसवणं. बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, नळीतून २५ यार्डांवरचं काळं वर्तुळ मधोमध आणा, आणि रायफल न हलवता फुली त्यावर आणा. पिशवी पुढच्या लाकडाखाली हवी. नळी पिशवीला टेकली तर गोळी वर जाते. (मार्लिनवाल्यांनाही हे जमतं. लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात. फक्त आतला बारीक इजेक्टर निसटून पडतो, खाली कापड पसरून ठेवा.)

बोल्ट परत बसवा आणि २५ यार्डांवर तीन बार करा. तिघांचा मध्य बघा, एकट्या गोळीवरून काही ठरवू नका. पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच हलवतो, २५ यार्डांवर त्याचा चौथा भाग, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. गोळ्या दोन इंच उजवीकडे आणि तीन इंच खाली असतील, तर ३२ क्लिक डावीकडे आणि ४८ वर. चार क्लिक फिरवून ‘काही फरक नाही’ म्हणणारे बरेच असतात. २५ यार्डांवर चार क्लिक म्हणजे पाव इंच.

१५० ग्रेन वजनाच्या गोळीच्या .३०८ने २५ यार्डांवर मधोमध बसवलं तर १०० यार्डांवर गोळी अडीच इंचांच्या आसपास वर लागते. मग १०० यार्डांवर जाऊन तीच दोन इंच वर राहील असं बसवा. तेवढ्याने २०० यार्डांवर ती जवळपास मधोमध येते आणि ३०० यार्डांवर सुमारे आठ इंच खाली जाते. दर तीन बारांनंतर दहा मिनिटं थांबा. तापलेली नळी सरकते, आणि हरणावरचा बार कायम थंड नळीचाच असतो. हंगामात वापरणार त्याच खोक्यातलं काडतूस वापरा; वजन तेच असलं तरी दुसऱ्या कंपनीचं काडतूस दोन-तीन इंच दुसरीकडे जाऊ शकतं.

एवढं करूनही तीन गोळ्या विखुरल्या, तर माहीत असलेली दुसरी दुर्बीण त्याच रिंगांत बसवून बघा. तिने नीट लागलं तर मग तुमची दुर्बीण परत करा.

.३०-३०च्या उघड्या साइटने १०० यार्डांवर साडेचार इंच खाली आणि थोडं उजवीकडे लागतं. काय हलवायचं? — व्हर्जिनिया

मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडेच हलवा. माशी मात्र उलट. गोळी वर हवी तर मागची पट्टी वर, किंवा माशी बुटकी. डावीकडे हवी तर मागची डावीकडे, किंवा माशी उजवीकडे.

किती हलवायचं ते मोजता येतं. माशी ते खाच हे अंतर इंचात घ्या, त्याला चुकीच्या इंचांनी गुणा आणि लक्ष्यापर्यंतच्या इंचांनी भागा. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. तुमचं अंतर १६ इंच असेल तर १६ गुणिले ४.५ भागिले ३६००, उत्तर ०.०२० इंच. म्हणजे अर्धा मिलिमीटर. मागच्या साइटखालच्या पायऱ्यांच्या पट्टीवर साइट एक पायरी वर चढवून बघा. बहुतेक वेळा पायरी थोडी जास्त किंवा थोडी कमी पडते. कमी पडली तर माशी कानशीने घासा, पण एकदोन ओढे मारून पुन्हा बार करा. घासलेलं परत येत नाही. गोळी वर लागत असेल तर घासून काहीच होणार नाही, उंच माशी विकत आणावी लागेल. वरच्या पत्रात पीपबरोबर उंच माशी म्हटली ती याच कारणाने: पीप खाचेपेक्षा उंच बसते.

बाजूला सरकवायला पितळेचा पंच आणि हलकी हातोडी. लोखंडी पंचाने कडेवर डाग पडतो. आधी जुन्या जागेवर पेन्सिलीची रेघ ओढा, नाहीतर कुठून कुठे आलात ते कळणार नाही.

१७० ग्रेनच्या .३०-३०ला १०० यार्डांवर दोन इंच वर ठेवा. मग १५० यार्डांवर ती साधारण मधोमध आणि २०० यार्डांवर साडेचार-पाच इंच खाली. १०० यार्डांवर मधोमध ठेवली तर २०० वर आठ-नऊ इंच पडते.

पावसात आणि बर्फात कोणती साइट बरी? दोन्हींसाठी उंच, खालून आरपार दिसणाऱ्या रिंगा कशा? — मिशिगन

उघड्या साइटवर पाणी पडलं तर फुंकर पुरे. पीपच्या भोकात बर्फ अडकतो. मोठं भोक ठेवलं तर तो काडीने निघतो. आजच्या बऱ्या दुर्बिणी आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरून बंद केलेल्या असतात, आत वाफ धरत नाही. बाहेरून धरते, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच श्वासाने: नेम धरून, तोंड दस्त्यावर टेकवून श्वास सोडला की मागचं भिंग पांढरं. श्वास बाजूला सोडा. थंडीत भिजलेली रायफल गरम केबिनमध्ये आणली की दव धरतं, म्हणून हंगामात ती रिकामी करून, कुलूप लावून, थंड जागीच ठेवा. भिंगांना उघडझाप करणारी झाकणं लावा आणि खिशात सुती फडकं ठेवा. सदऱ्याच्या बाहीने पुसलं तर ओरखडे पडतात.

त्या उंच रिंगा आम्हाला पसंत नाहीत. दुर्बीण इतकी वर जाते की गाल टेकत नाही, आणि घाईच्या क्षणी वरून बघू की खालून, यातच हरीण निघून जातं. दोन्ही हवंच असेल तर हाताने सुटणाऱ्या खटक्याच्या रिंगा घ्या. दुर्बीण काढली की खाली साइट मोकळी. काढून परत लावल्यावर गोळी तिथेच येते का, हे मात्र हंगामाआधी मैदानावर चार-पाच वेळा तपासा.

मी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. मित्राच्या रायफलीने सराव करून हरणाला जाऊ शकतो का? — एडिसन

आधी व्हिसा. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे राज्याचा चालू शिकार-परवाना. म्हणून क्रम असा: शिकारीचं प्रशिक्षण, मग परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल मैदानावर क्षणभर हातात घेणंही याच कायद्यात येतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम याशिवाय वेगळे; स्वतःचे कागद वकिलाला दाखवून घ्या.

दुसरं, न्यू जर्सीत हरणाला सेंटरफायर रायफल (वरच्या पत्रांतल्या .३०-३० किंवा .३०८ सारखी) चालतच नाही. शॉटगन किंवा तोंडाने भरायची बंदूक. स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) झाडणाऱ्या शॉटगनवर नुसत्या पुढच्या मण्याने ५० यार्डांपलीकडे भरवसा नाही, कमी ताकदीची दुर्बीण किंवा खाच-माशीची जोडी हवी. काही हंगामांत निवड करायला मिळतच नाही: पेन्सिल्व्हेनियातला नाताळनंतरचा गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या (फ्लिंटलॉक) बंदुकीचा हंगाम आणि कोलोराडोचा तोंडाने भरायच्या बंदुकीचा हंगाम, दोन्हींत दुर्बीण वर्ज्य आहे. त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून साइटचं कलम वाचा.

प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. दुर्बिणीला अडचण येईल का? आणि किती यार्डांपर्यंत बार करावा? — नॉर्थ कॅरोलायना

दुर्बिणीला फारशी नाही. चष्मा घालून, दुर्बीण पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे रोखा, मागची कडी फिरवून फुली काळीभोर होईपर्यंत जुळवा. एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा. जास्त बघितलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि कडी चुकीच्या जागी राहते. एकदा जुळली की तिथे रंगाची खूण करा.

उघड्या साइटला मात्र प्रोग्रेसिव्ह काच त्रास देते, कारण नेम धरताना मान झुकते आणि डोळा काचेच्या वरच्या, दूरच्या भागातून बघतो. डोळ्यांच्या डॉक्टरला रायफलीची माशी डोळ्यापासून किती इंचांवर आहे ते मोजून सांगा. दूरच्या नंबरात नेमाच्या डोळ्याला अर्धा ते पाऊण डायॉप्टर वाढवलेला, एकाच नंबराचा वेगळा चष्मा बहुतेकांना पुरतो. माशी स्पष्ट, हरीण किंचित मऊ दिसतं, आणि तसंच दिसायला हवं.

अंतराचं उत्तर रायफल देत नाही, कागदी थाळी देते. आठ इंचांची थाळी खांबाला ठोका. बाकावरून नाही; जंगलात बसाल तसे बसून, झाडाला टेकून, आणि उभ्याने, वेगवेगळे पाच-पाच बार करा. ५० यार्डांवर सुरुवात करून २५-२५ने मागे सरका. ज्या अंतरावर पाचच्या पाच थाळीत बसतात ते तुमचं अंतर. चार बसले तर एक पाऊल पुढे. उघड्या साइटने बहुतेकांचं उभ्याचं अंतर ६०-७० यार्डांवर थांबतं. बसून, पीपने, शंभरच्या आत. दुर्बिणीने बसून दीडशेपर्यंत जातं, उभ्याने मात्र दुर्बिणीनेही तेच साठ-सत्तर. दुर्बीण हात स्थिर करत नाही, तो किती हलतोय ते फक्त मोठं करून दाखवते.